आऊटडोअरला निघताय? आधी हातमोजे बघा

डिसेंबर लागला की वसई-विरार पट्ट्यातले बरेच जण मनाली, गुलमर्ग, लडाखकडे निघतात. पर्यटकांचं सोडा, मी बोलतोय ते कामाला जाणाऱ्यांबद्दल. नालासोपारा-विरारला राहणारे कॅमेरा असिस्टंट, लाइटमन, साउंडवाले, नायगावच्या स्टुडिओंत मालिकांची कामं करणारे, शिवाय ज्यांच्या गिऱ्हाइकांना हल्ली प्रीवेडिंगला बर्फच लागतो असे फोटोग्राफर. जाण्याआधी ते ताप-जुलाबाच्या गोळ्या लिहून घेतात. हातांविषयी कोणी विचारत नाही. परत आल्यावर मात्र बोटं दाखवायला येतात, सुजलेली, जांभळट, रात्री पांघरुणात ऊब आली की खाजणारी.

‘ओल्याची सवय आहे हो डॉक्टर, किल्ल्यात भर पावसात शूटिंग केलंय,’ असं त्यांचं म्हणणं असतं. वसईचा पाऊस पंचवीस-सव्वीस अंशांचा. त्यात बोटांना सुरकुत्या पडतात, बेचकीत चिखल्या होतात, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. तोच ओलावा दोन-चार अंशांवर आला की प्रकरण बदलतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणूनच उणे दहाच्या कोरड्या थंडीपेक्षा पडता पडता वितळणारा बर्फ आणि वरून भुरभुर पाऊस, ही हवा हातांना जास्त फसवते. हातांना इजा व्हायला पारा शून्याखाली जावाच लागतो असं नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या हजारो सैनिकांचे पाय गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातच, नुसत्या थंड चिखलात तासन्‌तास राहून निकामी झाले होते.

तेव्हा हातमोजे घेताना जाडीकडे बघू नका. दुकानदार सर्वांत फुगीर जोडी पुढे करतो, आणि ती घातली की शटरचं बटण सापडत नाही. मग माणूस दर पाच मिनिटांनी मोजा काढतो, उघड्या हाताने ट्रायपॉडच्या धातूला धरतो आणि ओल्या हाताने मोजा परत चढवतो. इथेच सगळं बिघडतं. त्यापेक्षा दोन थर ठेवा. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ, बोटांना नीट बसणारा मोजा, आणि वरून चारही बोटं एकत्र ठेवणारा मोठा, पाणी न झिरपणारा मोजा. एकत्र असलेली बोटं एकमेकांना ऊब देतात. काम आलं की फक्त वरचा उतरवायचा. तो दोरीने मनगटाला बांधलेला असावा, नाहीतर पहिल्या तासातच दरीत जातो. सुती मोजा आतही नको, बाहेरही नको. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. बाइकचे मोजे बाइकसाठीच ठेवा.

माप सैल हवं. घट्ट मोज्यात रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचत नाही. मूठ वळल्यावर बोटांची टोकं ताणली गेली तर एक नंबर मोठा घ्या. पाणी झिरपतं का, याची परीक्षा घरीच करता येते. पाचूबंदर, नायगाव किंवा अर्नाळ्याच्या मासळीवाल्यांकडचा बर्फ बादलीत घ्या, पाणी ओता, मोज्यात वर्तमानपत्राचा कपटा ठेवून हात मनगटापर्यंत पाच मिनिटं बुडवा. कपटा ओला निघाला तर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द लेबलावरच राहू द्या. स्वस्तातला उपाय हवा असेल तर पातळ लोकरी मोज्यावर सैल रबरी हातमोजा चढवा. तो घाम कोंडतो, त्यामुळे आतला मोजा वरचेवर बदलावा लागेल. दिवसाला आतल्या तीन जोड्या धरा. ओली जोडी हीटरवर टाकू नका, शर्टाच्या आत ठेवा.

लाइटमननी मात्र रबराच्या वाटेला जाऊ नये. तापलेल्या दिव्याच्या पाकळ्यांना लागून रबर आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिथे आत लोकर आणि वर चामड्याचा सैल मोजा हवा. ओल्या केबलशी काम करताना साधा रबरी मोजा विजेपासून वाचवतो हा समजही सोडून द्या. बूम धरणाऱ्याचे हात वर असतात, पाणी मनगटातून खाली बाहीत उतरतं. त्याने मोजा बाहीवरून ओढून घ्यावा. बाकीच्यांनी बाही मोज्यावर घ्यावी.

आणखी एक गोष्ट. छाती आणि डोकं गार पडलं की शरीर बोटांचं रक्त आत खेचून घेतं. टोपी नसलेल्या माणसाचे महागडे हातमोजे फुकट जातात.

काहींना मी निघण्याआधी दवाखान्यात यायला सांगतो. थंडीत ज्यांची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात ते. जुना मधुमेह असणारे, कारण त्यांना दुखणं कळतच नाही. ब्लडप्रेशर किंवा अर्धशिशीसाठी अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या घेणारे, कारण या गोळ्यांनी हात आणखी गार पडतात. पण गोळी मनाने बंद करू नका. विडी-सिगारेटवाल्यांना तर वेगळं सांगायला नको. तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, मळलेल्या तंबाखूनेही. सेटवरची रात्रीची ‘ऊब’, म्हणजे दारू, कातडीला गरम वाटते आणि अंगातली उष्णता बाहेर सोडते.

काम करता करता बोटं दुखायची थांबली तर ते सवय झाल्याचं लक्षण नव्हे. तिथेच काम सोडा, हात काखेत घ्या. अर्ध्या तासात जाणीव परत आली नाही, किंवा कातडी मेणासारखी पांढुरकी, कडक लागली, तर युनिटच्या गाडीने दवाखाना गाठा. बोटं चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. कांगडी, शेकोटी, गीझरची वाफ यांपासून लांब राहा. बधिर बोट भाजलेलं कळत नाही. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा जागी पोचल्यावरच हात ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवा. हे पाणी दुसऱ्या कोणाच्या धडधाकट कोपराने तपासून घ्या. फोड आले तर फोडू नका, आणि ‘मुंबईला गेल्यावर बघू’ म्हणू नका. गंभीर गोठण्यावर रक्तपुरवठा परत आणणारी काही औषधं आहेत, पण ती पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत उपयोगी पडतात.

आणि अंगठ्या. आपल्या लाइनीत प्रत्येकाच्या बोटात एखादा तरी खडा असतोच. बोट सुजलं की अंगठी कापून काढावी लागते, तोपर्यंत खालचं रक्त अडलेलं असतं. पुष्कराज घरी ठेवायला मन होत नसेल तर दोऱ्यात ओवून गळ्यात घाला. ज्योतिषीबुवांची परवानगी तुम्हीच काढा.