इंग्रजीत गेलेले आपले शब्द

पायजमा, शाम्पू, ऑरेंज, मॅगझीन हे शब्द इंग्रजीच्या पुस्तकात दिसले, की आपण त्यांचे स्पेलिंग घोकू लागतो. हे परक्यांचे शब्द आहेत, असे आपल्याला वाटते. पण त्यांची मुळे पाहिली, तर ती आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतात.

पायजमा तर तुम्ही लगेच ओळखाल. फारसीत 'जामा' म्हणजे वस्त्र. पायांत घालायचे ते पायजमा. 'खाक' म्हणजे धूळ, म्हणून धुळीच्या रंगाचे कापड खाकी.

शाम्पूची गोष्ट मात्र मजेदार आहे. 'चांपना' म्हणजे दाबणे, चोळणे. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले. तेथे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नानगृह काढले. ते लोकांचे अंग चोळून देत. त्यालाच 'शाम्पू' म्हणत. राजा चौथा जॉर्ज यानेही त्यांना आपल्या सेवेत नेमले होते. केस धुणे हा अर्थ पुढे आला. आज बाटलीवर शब्द उरला आहे, चंपी मात्र गेली!

संस्कृत 'नारंग' फारसीत 'नारंग', तर अरबीत 'नारंज' झाला. युरोपात त्याचा पहिला 'न' गळाला आणि ऑरेंज उरले.

अरबी 'मखजन' म्हणजे कोठार. 'खजिना' हा त्याचाच भाऊ. 'मखजन'चे अनेकवचन 'मखाजिन'. त्यावरून इटालियन आणि फ्रेंच भाषांतून मॅगझीन हा शब्द इंग्रजीत आला. बंदुकीच्या गोळ्या ठेवण्याचा कप्पाही मॅगझीनच. १७३१ साली लंडनच्या एका मासिकाने आपल्या नावात हा शब्द घेतला, कारण ते लेखांचे कोठार होते. आणि १९०१ मध्ये शेख अब्दुल कादिर यांनी लाहोरला उर्दू मासिक काढले, त्याचे नाव ठेवले 'मखजन'. शब्द जणू घरी परतला.

मराठीनेही इंग्रजीला एक प्राणी दिला आहे. त्यांचे 'मंगूस' म्हणजे आपले मुंगूस.

पण सारखा दिसणारा प्रत्येक शब्द उसना नसतो. फारसी 'बिरादर' आणि इंग्रजी 'ब्रदर' पाहा. संस्कृतात 'भ्रातृ' आहे. येथे कोणी कोणाकडून काही घेतलेले नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एका व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. फारसीलाही त्यांनी त्याच कुटुंबात बसवले. इंग्रजीही त्याच कुटुंबातली. तेव्हा 'बिरादर' आणि 'ब्रदर' हे शब्दही एकमेकांचे भाऊच आहेत.