पंखा जागाच असतो

चि. मुक्ता हिस,


परवा फोनवर अगदी रडवेली झाली होतीस. साडेनऊला सानूला गादीवर घेतलं, सहा पुस्तकं वाचली आणि अकरा वाजता बाईसाहेब उशीवर उभं राहून उड्या मारत होत्या. "मावशी, पुस्तकांनी मुलं झोपतात ना गं?" असं विचारलंस. झोपतात. पण कुठल्याही पुस्तकाने नाही, आणि सहा पुस्तकांनी तर नाहीच.

बालवाडीत तीस वर्षं काढली, पण घरी मीही तेच केलं होतं. तुझा मंदारदादा तीन वर्षांचा असताना रात्री वाघाची गोष्ट वाचायचे, तीही डरकाळीसकट. मला वाटायचं, किती छान वाचते मी! साडेअकराला पोरगा पलंगाखाली वाघ शोधत असायचा आणि तुझे काका कानावर उशी घेऊन पडलेले.

दिवसा वाचायला घेतलं तर तुला कंटाळा येईल, असं पुस्तक रात्रीसाठी निवड. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' दुपारी काढ. त्यातल्या माणसांबद्दल सानूला केवढं बोलायचं असेल, बोलू दे. रात्री 'हा रंग कोणता, हे किती' चालणार नाही. परीक्षा सुरू झाली की पोर ताठ होऊन बसतं.

तुमच्या कपाटात 'गुडनाइट मून' आहे, मागच्या वेळी मी पाहिलं. मार्गारेट वाइज ब्राउन यांनी लिहिलेलं, क्लेमेंट हर्ड यांच्या चित्रांचं, १९४७ सालचं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते पंचवीसेक वर्षं घेतलंच नव्हतं. मोठ्यांना त्यात गोष्टच सापडत नाही, आणि खरंच नाहीये. एक ससुला अंथरुणात आहे आणि खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, बस्स. पण चित्रं नीट बघ. पानागणिक खोली थोडी थोडी काळोखत जाते, खिडकीत चंद्र वर चढतो, आणि रंगीत चित्रांत एक उंदीर दर वेळी जागा बदलून बसलेला असतो. सानू बोटाने तो शोधेल. शोधू दे, तू गप्प राहा. घड्याळही बघ: सुरुवातीला सात वाजलेत, शेवटी आठ वाजून दहा मिनिटं. म्हणजे त्या गुणी सशालाही झोपायला एक तास दहा मिनिटं लागली! सानूचा लगेच डोळा लागला नाही म्हणून तू कशाला हवालदिल होतेस?

शब्द इंग्रजी असले तरी सांग आपल्या भाषेत, आणि एकदा सांगितलंस की रोज तस्संच. तिसऱ्या दिवशी तू एखादी वस्तू गाळलीस तर सानू पानावर पंजा ठेवून तुला अडवेल. पुढे काय येणार हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तर ती डोळे मिटू शकते. आवाज पानागणिक उतरव. ट्यूबलाइट बंद कर, पिवळा मंद दिवा पुरे. उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात तयार व्हायला उशीर होतो, आणि लहानांना तो उजेड आपल्यापेक्षा जास्त बाधतो. अक्षर दिसत नाही म्हणशील, तर चार दिवसांत तुला ते पाठच होणार आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत, निखिलरावांचासुद्धा.

आणि हो, पाळणाघरात ती दुपारी साडेपाचपर्यंत झोपते, असं ताई सांगत होती. बालवाडीच्या वयाला दुपारची धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. त्यातले तीन तिथेच झाले तर पुस्तक बिचारं काय करणार? आधी तिथल्या बाईंशी बोल.

वाघ हद्दपार केल्यावर मी मंदारसाठी घरीच एक पुस्तक केलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आमच्या घरातल्या वस्तू काढल्या आणि सुतळीने बांधल्या. चपला झोपल्या, कुकर झोपला, तुळस झोपली, पंखा झोपला. पंख्याला मंदार अडला. वर बघून म्हणाला, "तो तर फिरतोय!" खरंच होतं. मग पंख्याचं पान काढून शेवटी लावलं. सगळे झोपतात, पंखा जागा असतो, तो सगळ्यांना वारा घालतो. त्या रात्री पंख्याकडे बघता बघताच झोपला.

ते पुस्तक येत्या रविवारी ताईबरोबर पाठवतेय. एक कोपरा मंदारने चावलेला आहे. कुकरचं चित्र सानूला कासव वाटेल, तर कासव म्हण. तुमच्याकडे एसी आहे हे माझ्या लक्षात आहे. मागे दोन पानं कोरी ठेवलीत.

तुझी,
सुमामावशी