फुटलेली वस्तू जपून ठेवा

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव तेथील शंकराच्या देवालयामुळे आणि माडांनी वेढलेल्या शांत किनाऱ्यामुळे सर्वपरिचित आहे. माड, पोफळी, आंबा आणि मासेमारी ह्यांवर उभा असलेला येथील संसार एके काळी थोड्या, हाताने घडविलेल्या वस्तूंवर चालत असे. कोयता बोथट झाला तर तो लोहाराकडे जात असे व लोहार कोण हे सर्वांस ठाऊक असे. आज त्याच घरात गॅसची शेगडी आहे, कुकर आहे, मिक्सर आहे, पाणी तापविण्याचा विजेचा रॉड आहे. बागेत पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र व फवारणी पंप आहे. होडीला इंजिन आहे. ह्या वस्तू कोणी, कोठे व कशा बनविल्या हे वापरणाऱ्यास माहीत नसते आणि माहीत करून घेण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते. अशी एखादी वस्तू तिच्यातील दोषामुळे फुटली, पेटली वा तुटली आणि माणूस जायबंदी झाला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी, हा ह्या लेखाचा विषय आहे.

समजा, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने आईसाठी नवा कुकर आणला. दोन महिन्यांनी डाळ शिजत असता त्याचे झाकण उडाले आणि त्या बाईंचा चेहरा व हात भाजले. पुढे काय होते ते आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. बाईंना दवाखान्यात नेतात. घरातील कोणी तरी स्वयंपाकघर धुऊन काढते. वाकडे झालेले झाकण व फुटलेली शिट्टी परसात टाकली जाते आणि भंगारवाला आला की दोन पैशांना जाते. शेजारीपाजारी म्हणतात, नशिबात होते. महिन्याभराने मुलगा मुंबईत दुकानदाराकडे जातो तेव्हा दुकानदार विचारतो, "कुकर कुठे आहे?" आणि विषय तेथेच संपतो. ह्यात नशिबाचा भाग असेल. परंतु भरपाईचा हक्क बुडाला तो नशिबामुळे नव्हे. पुरावा भंगारात गेल्यामुळे तो बुडाला.

जबाबदारीचा विचार कसा बदलत गेला

जुना विचार असा होता की, ज्याने वस्तू विकत घेतली आणि ज्याने ती विकली, त्या दोघांपुरताच करार. तिसऱ्याचा त्यात संबंध नाही. ह्या विचाराला मोठा धक्का दिला तो स्कॉटलंडमधील एका प्रकरणाने. १९२८ साली पेझ्ली गावातील एका उपाहारगृहात डोनह्यू नावाच्या बाईंनी मैत्रिणीने विकत घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली. बाटली गडद काचेची होती. अर्धी संपल्यावर तिच्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी त्यांची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले, तेव्हा ह्या बाईंचा करार कोणाशीच नव्हता. तरीही १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला की, माल ज्याच्या हाती अंतिमतः जाणार त्याच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य उत्पादकावर असते. गंमत अशी की, बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे कोणत्याही न्यायालयात शेवटपर्यंत सिद्ध झालेच नाही; तत्त्वाचा निर्णय झाल्यावर प्रकरण आपसांत मिटले. जगभर शिकविल्या जाणाऱ्या ह्या खटल्यातही वस्तूचा पुरावा तपासला गेला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तथापि ह्या तत्त्वाप्रमाणे उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि ते काम दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडूनच करावे लागे. आपल्या राज्याच्या स्मरणात राहिलेली ह्या विषयातील सर्वांत दुःखद घटना १९८६ च्या प्रारंभीची आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले. आजार बरा करण्यासाठी दिलेल्या औषधानेच जीव घेतला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन ह्यांच्या चौकशी आयोगाने औषधाची खरेदी, तपासणी आणि परवाने ह्यांतील दोष परखडपणे उघड केले. मृत्यू औषधानेच झाले ह्या निष्कर्षाला आधार मिळाला तो त्या औषधाचे नमुने प्रयोगशाळेत तपासता आले म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९८६ मध्ये, देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्यामागे ग्राहक चळवळीचे अनेक वर्षांचे काम होते, आणि पुणे व मुंबई येथे सत्तरीच्या दशकात सुरू झालेल्या ग्राहक पंचायतींचा त्यातील वाटा मोठा आहे.

१९८६ च्या कायद्याने सदोष मालाविषयी तक्रार करता येत होती. पण मालामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण त्यात नव्हते. ते आले ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये. हा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आला असून त्याचे सहावे प्रकरण, म्हणजे कलमे ८२ ते ८७, केवळ ह्या विषयाला वाहिलेले आहे.

काय सिद्ध करावे लागते

वस्तू बनविण्यात दोष होता, किंवा तिच्या रचनेतच दोष होता, किंवा ती ठरलेल्या प्रमाणांप्रमाणे बनविली गेली नव्हती, किंवा स्पष्टपणे दिलेल्या हमीप्रमाणे नव्हती, किंवा ती कशी वापरावी व कशी वापरू नये ह्याच्या पुरेशा सूचना दिलेल्या नव्हत्या, ह्यांपैकी एखादी गोष्ट दाखविता आली तर उत्पादक जबाबदार ठरतो. कारखान्यात कोणी निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याची अट कलम ८४ मध्ये घातलेली नाही. वेळणेश्वरच्या बाईंना कुकरच्या कारखान्यात त्या दिवशी काय घडले हे कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून हा बदल फार मोलाचा आहे.

परंतु येथेच पुष्कळांची गैरसमजूत होते. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, ह्याचा अर्थ काहीच सिद्ध करावे लागत नाही असा नव्हे. वस्तूत दोष होता आणि त्याच दोषामुळे इजा झाली, ह्या दोन गोष्टी तक्रारदारानेच दाखवायच्या असतात. आणि दोषाचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे ती मोडकी वस्तू. अधिनियमाच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर प्रयोगशाळेने काय तपासावे?

म्हणून अपघात झाल्यावर, जखमीच्या उपचारांची व्यवस्था होताच, वस्तूचे सर्व तुकडे गोळा करून पिशवीत बांधून ठेवावेत. त्यांना धुऊ-पुसू नये, जोडून पाहू नये, दुरुस्त करू नये. त्यापूर्वी जागेची व वस्तूची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घ्यावीत. खोके, लेबल, वापराची पुस्तिका, हमीपत्र, मालाचा अनुक्रमांक हे सर्व सांभाळावे. दवाखान्याच्या कागदावर 'भाजले' एवढेच न लिहिता 'कुकर फुटल्याने भाजले' असे लिहून घ्यावे. इजा गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात खबर देऊन पंचनामा करून घेणे हितावह असते. पावती नसली म्हणून निराश होण्याचे कारण नाही. बँकेतून वा भ्रमणध्वनीवरून दिलेल्या पैशांची नोंदही खरेदीचा पुरावा होऊ शकते.

विक्रेता किंवा कंपनीचा माणूस पुष्कळदा तत्परतेने घरी येतो. तो सौजन्याने बोलतो, नवी वस्तू देऊ करतो आणि जुनी 'तपासणीसाठी' घेऊन जातो. त्याबरोबर एका कागदावर सही मागतो. त्या कागदावर 'आता माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही' असे लिहिलेले असू शकते. दोन हजारांच्या कुकरच्या बदल्यात आपण लाखाचा हक्क सोडून देत आहोत, हे सही करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. कंपनीस तपासणी करावयाची असेल तर ती आपल्या घरी, दोन साक्षीदारांसमोर करू द्यावी. वस्तू मात्र हातची सोडू नये.

कंपनी काय म्हणेल

वस्तू चुकीच्या रीतीने वापरली, तिच्यात फेरफार केला, असे दाखविता आले तर कलम ८७ प्रमाणे भरपाईची मागणी टिकत नाही. कुकरची रिंग बाजारातून मिळेल ती आणून बसविणे किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी भलतेच काही ठोकणे ही सवय आपल्याकडे सर्वत्र आहे आणि ती दोन्ही परींनी घातक आहे: जिवालाही आणि हक्कालाही. उघड दिसणाऱ्या, सर्वांस ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणूनही उत्पादकास दोषी धरता येत नाही. कोयत्याने हात कापतो हे कोयत्यावर लिहिण्याची गरज नाही.

कोकणात एक बचाव हटकून पुढे येईल, तो खाऱ्या वाऱ्याचा. समुद्राकाठी लोखंड लवकर गंजते. रेग्युलेटर, होडीचे इंजिन, यंत्राचे पाते ह्यांवर गंज दिसला की 'निगा राखली नाही' असे म्हणणे सोपे असते. ते कधी खरेही असेल. पण जी वस्तू किनाऱ्यावर वापरण्यासाठीच विकली जाते तिच्या पुस्तिकेत निगेविषयी पुरेशी सूचना होती काय, हा प्रश्न तक्रारदाराने अवश्य विचारावा. तो कायद्याच्या चौकटीतलाच आहे. पुस्तिका जपून ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

विक्रेता केवळ विकणारा आहे म्हणून सुटतो असे नाही, परंतु प्रत्येक वेळी सापडतो असेही नाही. उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा तो परदेशी असून त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यास जबाबदार धरता येते. जोडणीत वा तपासणीत त्याने हयगय केली, अथवा उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचविल्या नाहीत, तरीही तो जबाबदार आहे. आठवडा बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या वस्तूंच्या बाबतीत हे कलम उपयोगी पडावे. मात्र बाजार उठल्यावर तो विक्रेता सापडला पाहिजे. घरगुती कुकरला आय.एस.आय. चिन्ह फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ते पाहूनच खरेदी करावी.

रत्नागिरीला किती फेऱ्या?

भरपाईचा विचार मनात आला की पुढचा प्रश्न अंतराचा असतो. वेळणेश्वरहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर तवसाळला तरीने खाडी ओलांडून जयगडमार्गे, नाही तर लांबचा वळसा घालून. हातावर पोट असणाऱ्यास अशा फेऱ्या परवडत नाहीत. नव्या अधिनियमाने ह्या बाबतीत बरेच सुलभ केले आहे. वस्तू मुंबईत घेतली असली तरी तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे रत्नागिरीस, तक्रार दाखल करता येते. वस्तू मुलाने घेतली आणि वापरली आईने, तरी त्याच्या संमतीने वापरणारी म्हणून आईही 'ग्राहक'च ठरते. मृत्यू झाल्यास वारसांना, आणि मूल अज्ञान असल्यास आईवडिलांना तक्रार करता येते. तक्रार इंटरनेटवरून दाखल करण्याची सोय आहे. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी असा अर्ज करता येतो. वकील दिलाच पाहिजे असे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तक्रार कोणत्या आयोगाकडे करावयाची हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही. वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते. पन्नास लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत किंमत असेल तर शुल्क काहीही नाही. म्हणजे दोन हजारांच्या कुकरमुळे झालेल्या इजेपोटी वीस लाखांची मागणीही विनाशुल्क रत्नागिरीतच होते. मोटारीला लागलेल्या आगीत पती गमावलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात ह्या तरतुदीस आव्हान देण्यात आले होते; २९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

मासेमारी करणाऱ्यांनी एक भेद समजून घ्यावा. स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी इंजिन घेणारा कायद्याने ग्राहकच आहे. इंजिनातील दोषामुळे त्याचा हात जायबंदी झाला तर उपचारांचा खर्च, वेदना व त्यासोबतचा मनस्ताप ह्यांची भरपाई ह्या प्रकरणाखाली मागता येते. पण इंजिन बंद पडल्याने हंगाम बुडाला, हा निव्वळ आर्थिक तोटा ह्या प्रकरणातील 'हानी'च्या व्याख्येत बसत नाही. खुद्द इंजिनाची किंमत किंवा बदली हवी असेल तर ती सदोष मालाची नेहमीची तक्रार म्हणून मागावी लागते.

गॅसच्या दुर्घटनेत आणखी एक मार्ग आहे व तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सार्वजनिक तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा उतरविलेला असून त्यात मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाख रुपये, वैद्यकीय खर्चासाठी प्रत्येकी २ लाखांपर्यंत आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत जागेतील मालमत्तेच्या हानीसाठी २ लाखांपर्यंत तरतूद आहे. ग्राहकाने वेगळा हप्ता भरावा लागत नाही. दुर्घटनेची लेखी खबर वितरकास ताबडतोब देऊन तिची पोच घ्यावी. येथेही सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी तपासणी होईपर्यंत हलवू नयेत.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, परंतु त्यावर विसंबू नये. भाजलेल्या जखमांवरील उपचारच कधी कधी वर्षभर चालतात आणि दिवस कसे गेले हे कळत नाही. वस्तूच्या तपासणीची गरज असेल तर पाच महिन्यांत, नसेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे अधिनियम म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हे तक्रारदाराने गृहीत धरून चालावे. निर्णय विरुद्ध गेल्यास पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. कंपनीस अपील करावयाचे असेल तर तिला आदेशातील रकमेचा निम्मा हिस्सा आधी भरावा लागतो.