पाठलाग म्हणजे प्रेम नव्हे

क्लासची वेळ झाली की मुलीचे पोट दुखू लागते. जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, फोन वाजला की ती दचकते. तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी पालकांनी एक प्रश्न शांतपणे विचारावा, "वाटेत कोणी त्रास देते का?" मनात दडपलेली भीती पुष्कळदा शरीराच्या तक्रारींतून बाहेर पडते.

नाशिकचा कॉलेज रोड असो की तालुक्याचे बसस्थानक, मुलीच्या मागे मागे जाणे, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा धरून उभे राहणे, सारखे फोन करणे याकडे आपण 'वयच तसे आहे' म्हणून काणाडोळा करतो. चित्रपटात पिच्छा पुरवणाऱ्या नायकाला अखेर होकार मिळतो. प्रत्यक्षात काय घडू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला एकतर्फी प्रेमातून परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजकडे निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. प्रत्येक मुलगा या थराला जात नाही, हे खरे. पण कोण जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच आवर घालावा.

मुलींनी काय करावे? नकार एकदाच आणि स्पष्ट द्यावा. समजूत घालायला पुन्हा भेटू नये. वीस फोन टाळून एकविसावा घेतला, तर एकवीस वेळा फोन केला की उत्तर मिळते, एवढेच तो शिकतो. आलेले संदेश पुसू नयेत. तारीख, वेळ, ठिकाण वहीत लिहून ठेवावे. घरी व शिक्षकांना लगेच सांगावे. धमकी आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

पालकांनी मुलीचे शिक्षण बंद करू नये, घाईने लग्नही उरकू नये. सांगितल्याची शिक्षा तिलाच झाली, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

मुलाच्या आईवडिलांचीही जबाबदारी आहे. सतत एकाच मुलीचा विषय, तिच्यावर पाळत, 'माझी नाही तर कोणाचीच नाही' अशी भाषा ही धोक्याची लक्षणे होत. नकाराचे दुःख खरे असते, त्याची थट्टा करू नका. त्याला बोलू द्या, पण तिच्याशी संपर्क पूर्ण थांबवायला लावा. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मुलीने स्पष्ट नापसंती दाखवूनही वारंवार पाठलाग करणे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नकार पचवणे ही शिकण्याची गोष्ट आहे. तिचा पहिला धडा घरातच द्यायला हवा.