किल्ल्यासमोरची कुत्री दूर सोडून द्यावीत का?

प्रश्न : दौलताबाद किल्ल्यासमोर माझी पेरू-सीताफळांची गाडी आहे. वाहनतळावर कुत्र्यांच्या टोळ्या पर्यटकांच्या मागे लागतात. ती पकडून दूर जंगलात सोडता येतील का? चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, याचीही भीती वाटते.
– एक विक्रेती, दौलताबाद

उत्तर : ताई, आधी भीती दूर करू. पोटातली ती इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता दंडात लस देतात, चार-पाच भेटींत. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा घाटी रुग्णालयात जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं औषधही लागतं, ते आवर्जून विचारा. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून चालढकल नको.

कुत्री दूर सोडणं हा उपाय नाही. जागा रिकामी झाली की नवी, लस न दिलेली कुत्री येतात. 2023च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून ती मूळ जागीच सोडायची असतात. जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे तुमच्याकडे ग्रामपंचायतीची. पिसाळलेल्या किंवा अंगावर धावणाऱ्या कुत्र्याची तक्रार मात्र लगेच करा. विष घालणं गुन्हा आहे.

टोळ्या जमतात त्या उष्ट्यामुळे. हॉटेलवाल्यांना आणि शेजारच्या गाडीवाल्यांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, झाकणाच्या कचराकुंड्या आणि नसबंदी दोन्ही मागा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.