वेंगुर्ला आणि सावंतवाडी

वेंगुर्ला लहान, सावंतवाडी मोठी. पूर्वी मुंबईची बोट वेंगुर्ल्याला लागे. माल बैलगाड्यांतून घाट चढून बेळगावला जाई. काय तो थाट! पुढे बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, ती गेली सावंतवाडीकडून. (स्टेशन मात्र मळगावात आहे. गाठोडे घेऊन उतरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

आता मोठ्या बाजाराला माणसे वाडीला जातात. तिथे चितारआळीत लाकडी खेळणी, फळे मिळतात. पण काजूची कलमे हवीत? मग वेंगुर्ल्यालाच जा. तिथे १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. कलम कसले, ते काजू धरल्यावरच कळते. तोवर वर्षे गेलेली असतात! म्हणून ‘वेंगुर्ला ४’ की ‘वेंगुर्ला ७’, ते पावतीवर लिहून घ्या आणि तिथेच स्वतः वाचून बघा.