मोटारप्रवासात बालकाची सुरक्षा : आईची मांडी आणि बालआसन

प्रसूतीनंतर बाळ-बाळंतीण घरी जाण्यास निघतात, तो क्षण रुग्णालयातील सर्वांच्याच आनंदाचा असतो. लसीकरणाचे कार्ड, पुढील तपासणीची तारीख, स्तनपानाविषयीच्या सूचना असे सर्व काही नातेवाइकांच्या हाती दिले जाते. दाराशी मोटार उभी असते. आजी दुपट्यात गुंडाळलेले बाळ आईच्या मांडीवर देते आणि गाडी निघते. बाळाच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रवास. पण सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात एक मोठी उणीव राहून गेलेली असते. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, ही आपली श्रद्धा आहे. घरात ती खरीही आहे. धावत्या मोटारीत मात्र ती खरी ठरत नाही. असे का, हे या लेखात पाहू.

टक्कर एक नव्हे, तीन

अपघातात एका पाठोपाठ एक अशा तीन टकरी होतात. पहिली टक्कर गाडीची. गाडी थांबते, परंतु आतील माणसे पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतात आणि समोरची काच, आसन किंवा पट्टा यांवर आदळतात. ही दुसरी टक्कर. शरीर थांबल्यावरही मेंदू, यकृत, प्लीहा हे अवयव आतल्या आत पुढे सरकून हाडांवर आपटतात; ही तिसरी. सेकंदाच्या लहानशा अंशात हे सर्व घडून जाते.

ताशी ५० किलोमीटर हा शहरातील नेहमीचा वेग. या वेगाने जाणारी गाडी अडथळ्यावर आदळून सेकंदाच्या एक दशांश भागात थांबली, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४ पट बल येते. म्हणजे ७ किलो वजनाचे बाळ त्या क्षणी आईच्या हातांना जवळजवळ १०० किलोचे होते. गाडी त्याहून कमी वेळात थांबली, तर हा आकडा आणखी वाढतो. कितीही सशक्त व्यक्ती असली, तरी बाळ तिच्या हातून सुटणारच. आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्या शरीराचा भार बाळावर येऊन ते समोरच्या भागात चिरडले जाते. एकच पट्टा दोघांभोवती बांधल्यासही हाच धोका असतो. याच वेगाने आदळणे म्हणजे तीन मजली इमारतीच्या उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. गच्चीच्या कठड्यावर आपण बाळाला बसवणार नाही. मोटारीत मात्र निःशंकपणे मांडीवर घेतो.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्याइतके उरते. डोके जड, मानेचे स्नायू दुबळे, मणक्यांची हाडे अद्याप पूर्णपणे न जुळलेली आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध सैल अशी ही रचना असते. डोके झटक्याने पुढे फेकले गेल्यास मानेतील मज्जारज्जू ताणला जाऊन जिवावर बेतू शकते.

प्रौढांचा पट्टा जांघेवर टेकतो, कारण तेथे कमरेच्या हाडाचे उंचवटे असतात. लहान मुलांत हे उंचवटे पुरेसे वाढलेले नसतात. त्यामुळे पट्टा घसरून पोटावर चढतो आणि अपघातात आतडी व पाठीचा कणा यांना इजा करतो. खांद्याचा पट्टा अशा मुलाच्या गळ्यावर येतो. म्हणून मूल कंटाळून तो काखेखाली घेते, आणि त्याचे संरक्षण संपते.

बालआसन काय करते?

बालआसन गाडीला घट्ट जोडलेले असते आणि बालक आसनाला. त्यामुळे गाडीबरोबरच बालकाचाही वेग कमी होत जातो. पाच ठिकाणी जोडलेला पट्टा हा आघात खांदे आणि कंबर या मजबूत भागांवर वाटून देतो. पाठमोऱ्या आसनात, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असताना, समोरच्या टकरीत डोके, मान आणि पाठ एकाच वेळी आसनाच्या पाठीवर रेलतात. बल मानेवर एकवटत नाही, संपूर्ण पाठीवर पसरते. १९६०च्या दशकात स्वीडनमधील डॉ. बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या, पाठीवर भार घेणाऱ्या आसनांवरून.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या विश्लेषणानुसार मोटारीतील बालआसनामुळे एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी होतो. एका साध्या साधनाने एवढा लाभ व्हावा, ही वैद्यकातही विरळाच गोष्ट आहे.

एका बालरोगतज्ज्ञाचा लढा

अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ रदरफर्ड परगण्याच्या आरोग्य खात्याचे प्रमुख होते. लसीने आजार टळतो तसा आसनाने अपघाती मृत्यू टळतो, हे त्यांनी लोकप्रतिनिधींना अनेक वेळा पटवून दिले. पहिला प्रयत्न फसला. १९७७ साली कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. बालआसन सक्तीचे करणारे टेनेसी हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. तथापि त्या कायद्यात एक पळवाट राहिली होती: बाळ मोठ्या माणसाच्या हातात असल्यास आसन नसले तरी चालेल. ही सवलत बालकांना चिरडणारी आहे, असे डॉ. सँडर्स उघडपणे सांगत राहिले. १९८१ साली ती रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. जी पळवाट तेथे कायद्यात होती, ती आपल्याकडे आजही सवयीत आहे.

वयानुसार निवड

१. जन्मापासून : पाठमोरे आसन. आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत ते पाठमोरेच ठेवावे, असा अमेरिकन बालरोग अकादमीचा २०१८ पासूनचा सल्ला आहे. युरोपच्या आर १२९ या मानकानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे.

२. त्यानंतर : समोर तोंड असलेले, पाच ठिकाणी पट्टे असलेले आसन.

३. ते लहान पडू लागल्यावर : उंची वाढवणारे बूस्टर आसन. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत त्याची गरज असते.

वापरताना घ्यावयाची काळजी

एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर पाठमोरे बालआसन कधीही ठेवू नये. प्रचंड वेगाने फुगणारी पिशवी बाळाच्या डोक्यामागेच आदळते. बालकाची जागा मागील आसनावर. आसन बसवल्यानंतर पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवावे. ते अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकू नये. खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे असे समजावे. दुपटे व स्वेटर पट्ट्याच्या आत नको. आधी पट्टा, मग वरून पांघरूण. तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू नये, म्हणून आसन पुरेसे मागे कललेले असावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. अपघातात सापडलेले किंवा इतिहास ठाऊक नसलेले जुने आसन विकत घेऊ नये.

आपला कायदा, आपली जबाबदारी

भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्टा किंवा बालआसनाविना मोटारीतून नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून शिरस्त्राण, सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली आहे. परंतु दंडाच्या भीतीने हा प्रश्न सुटणार नाही. आसनाची किंमत अनेक कुटुंबांना जड वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही बारशाच्या वेळी आप्तेष्टांनी एकत्र येऊन पाळण्याबरोबर बालआसन भेट दिले, तर त्याहून उपयुक्त आहेर नाही. एक लहानसा प्रवासही त्यास अपवाद ठरू नये.

पालकांनी पहिल्या दिवशी लावलेली सवय मुलाला आपोआप जडते. बाळ रडते म्हणून लस टाळत नाही, तसेच आसनही टाळू नये. घरी पोहोचल्यावर आईची मांडी त्याची वाट पाहत असतेच.